पुढच्या खिडकीवर जा!

पावसाळ्यातल्या कुठल्याही शनिवारी सकाळी पुणे-नाशिक हायवेवर उभे राहा आणि माळशेज नाहीतर भीमाशंकरकडे पळणाऱ्या गाड्या मोजा. त्यातली दर तिसरी-चौथी आठ-दहा वर्षांची, सेकंड-हॅण्ड घेतलेली एसयूव्ही असते. हिशोब सोपा आहे. नव्या हॅचबॅकच्या पैशात उंच, रुबाबदार, वर ऑटोमॅटिक धूड मिळत असेल तर कोण सोडेल? एकदम सही डील! मग एक दिवस मंचरच्या पुढे डॅशबोर्डवर दिवाळी सुरू होते. आधी एबीएस, त्याच्या शेजारी घसरणारी गाडी, मग इंजिनाचं चित्र आणि शेवटी ते दात असलेलं चाक, म्हणजे गिअरबॉक्स. मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणतं, "सेन्सर गेला असेल, सोड ना यार." सोमवारी गॅरेजवाला म्हणतो, "गिअरबॉक्स गेला."

दोघांनीही काहीच मोजलेलं नसतं. आणि या दोन वाक्यांमध्ये फरक असतो लाख-दीड लाखाचा!

खरं तर हा रस्ता म्हणजे आपल्या एसयूव्हींचं माहेर. टाटा सफारी १९९८ मध्ये आली ती पुण्याच्या कारखान्यातून, महिंद्रा स्कॉर्पिओ २००२ मध्ये आली ती नाशिकच्या, आणि २०११ची एक्सयूव्ही ५०० चाकणची. आंबेगाव आणि जुन्नर हे तालुके बरोबर मधे. त्यामुळे मंचर, नारायणगाव, आळेफाटा इथला कुठलाही मेस्त्री डिझेल इंजिन डोळे मिटून उतरवेल. पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, त्याचा स्वतंत्र कम्प्युटर, ब्रेकचा वेगळा कम्प्युटर आणि या सगळ्यांचं दोन तारांवरून चाललेलं गॉसिप, हा मामला वेगळा. इथे पान्यापेक्षा कान जास्त लागतो.

माझे मामा नारायणगावजवळच्या एका गावात राहतात. शेती, कांदा, टोमॅटो आणि एक २०१४ची डिझेल ऑटोमॅटिक एसयूव्ही. (कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच.) जुलैत घरची मंडळी भीमाशंकरला निघाली. घोडेगाव गेलं, डिंभे धरण मागे पडलं, पाऊस धो धो, आणि चढाला गाडीने सगळे दिवे लावले. गिअर तिसऱ्यावर अडकला तो अडकलाच. इंजिन ओरडतंय, गाडी रांगतेय. मामांच्या शब्दांत सांगायचं तर, "गाडी लंगडी घालाया लागली बघ."

मामांना ठाऊक नव्हतं, पण शब्द एकदम परफेक्ट होता. याला म्हणतातच 'लिम्प मोड', म्हणजे लंगडी! गिअरबॉक्सच्या कम्प्युटरला मिळणाऱ्या माहितीवर भरवसा वाटेनासा झाला की तो एकच सुरक्षित गिअर धरून बसतो. आतलं काही तुटू नये आणि तुम्ही हळूहळू घरी पोचावं म्हणून. गिअरबॉक्स गेला असतानाही तो हे करतो आणि गिअरबॉक्स ठणठणीत असतानाही. गोची तिथेच आहे.

हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये स्कॅनर लागला. कोड आला पी ०७००. तीन मिनिटांत निकाल: "गिअरबॉक्स खोलावा लागेल, दीड लाखाच्या पुढे जाईल. नाहीतर आहे तशी विका, मीच घेतो." आणि जी किंमत सांगितली ती ऐकून मामी उठून आत गेल्या. मामा मात्र अर्धे तयार झाले होते. कांद्याचे पैसे अजून बराखीत पडलेले, त्यात हे. कुणाच्याही मनात येईल, जाऊ दे, कटकट गेली.

आता हा पी ०७०० काय म्हणतो ते बघा. कोडमधलं पहिलं अक्षर खातं सांगतं: पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-सस्पेन्शन, बी म्हणजे बॉडी आणि यू म्हणजे कम्प्युटरांची आपापसातली बोलाचाली. त्यानंतरचं शून्य म्हणजे हा कोड सगळ्या कंपन्यांना सारखाच, आणि सात म्हणजे ट्रान्समिशन. म्हणजे पी ०७०० 'गिअरबॉक्स गेला' असं म्हणतच नाही! इंजिनाचा कम्प्युटर एवढंच सांगतोय की गिअरबॉक्सच्या कम्प्युटरकडे काहीतरी तक्रार नोंदलेली आहे, तिकडे विचारा. तालुक्याच्या कचेरीत सातबारा मागायला गेल्यावर पहिला क्लार्क मान वर न करता म्हणतो ना, "पुढच्या खिडकीवर जा"? अगदी तेच. आणि गॅरेजवाल्याने पहिल्याच खिडकीवरून परत येऊन मामांना जमीन विकायचा सल्ला दिला होता!

तुम्ही ऑनलाइन मागवता ना, ते काही शे रुपयांचं ब्लूटूथचं बोंडूक, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खुपसायचं? मस्त आहे, प्रत्येकाकडे असावं. पण ते बहुतेक वेळा ही पहिली खिडकीच वाचतं. एबीएस आणि गिअरबॉक्सच्या कम्प्युटरशी बोलायला पूर्ण सिस्टिम वाचणारा स्कॅनर लागतो. आणखी एक: आपल्याकडे गाडीने स्वतःच्या तक्रारी स्वतः नोंदवण्याचे नियम टप्प्याटप्प्याने आले, एप्रिल २०१० आणि मग एप्रिल २०१३. अमेरिकेत हेच सॉकेट १९९६ पासून सक्तीचं. त्यामुळे गाडी त्याआधीची असेल तर स्कॅनर काय आणि किती बोलेल ते विकत घेतानाच लावून बघा.

आम्ही गाडी नारायणगावातल्या एका वायरमनकडे नेली. पोलवर चढणारा वायरमन नव्हे, गाड्यांच्या वायरिंगचा. हा माणूस पहिल्यांदा काय म्हणाला असेल? "कोड पुसले नाहीत ना कुणी?" नशिबाने नव्हते पुसले. कारण कोडबरोबर त्या क्षणाचा फोटोही साठवलेला असतो: वेग किती, इंजिनाचे फेरे किती, बॅटरीचा व्होल्टेज किती. अतिउत्साही मंडळी दिवा घालवायला आधी कोड पुसतात आणि पुरावाच जाळून टाकतात. (तो उत्तरं सगळी माझ्या मामेभावाकडे बघून देत होता, प्रश्न मी विचारत असूनही. पण ते असो, तो वेगळ्या कॉलमचा विषय.)

दुसऱ्या खिडकीवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या कम्प्युटरमध्ये, एकच कोड होता: यू ०४१५. अर्थ, एबीएसकडून येणारी माहिती पटण्यासारखी नाही. म्हणजे चला तिसऱ्या खिडकीवर! तिथे सी-वाला कोड: उजव्या मागच्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर. दिवाळीचं कारण एका चाकाशी येऊन थांबलं. ते एक चाक काय म्हणतंय ते कळेना, म्हणून एबीएस बंद, घसरण थांबवणारी सिस्टिम बंद, आणि त्यांच्या आकड्यांवर अवलंबून असणारा गिअरबॉक्स लंगडी घालतोय. सगळ्याच गाड्यांत ही साखळी इतकी घट्ट नसते, पण अनेकांत असते. म्हणूनच एकदम चार दिवे लागले तर चार बिघाड शोधू नका. एकच सामाईक शोधा.

सामाईक कारणांत पहिला नंबर बॅटरीचा. वायरमननेही आधी तेच पाहिलं. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५. स्टार्ट करताना व्होल्टेज फारच खाली कोसळला किंवा बॉडीला जोडलेली अर्थची तार गंजली असेल, तर कम्प्युटर काहीही बरळायला लागतात आणि आपण सेन्सरवर सेन्सर बदलत बसतो. मामांची बॅटरी ठीक निघाली.

मग आम्ही खोडदच्या रस्त्याला गाडी काढली. स्क्रीनवर चार चाकांचे चार आकडे. २१, २१, २०, २१. सगळं गुण्यागोविंदाने! मामेभाऊ म्हणाला, "सुधारली वाटतं." वायरमन काही बोलला नाही. गाडी थांबवली, उजव्या मागच्या चाकाच्या वरच्या बाजूला दोन मग पाणी मारलं आणि म्हणाला, "आता चला." २०, २१, २०... आणि शून्य. परत २०. परत शून्य. डिंभ्याच्या पावसात जे झालं ते दोन मग पाण्यात झालं. खिडकीबाहेर जीएमआरटीच्या ताटल्या दिसत होत्या, ४५ मीटर व्यासाच्या. अशा ३० ताटल्या इथल्या शिवारात पसरल्यात आणि अवकाशातून येणारे पुसटसे रेडिओ सिग्नल ऐकतात. मी मात्र एका टायरचा आकडा बघून टाळ्या वाजवत होते.

एवढ्यावर कुठलंही गॅरेज नवा सेन्सर टाकेल. पण कोड भाग सांगत नाही, सर्किट सांगतो. सर्किट म्हणजे सेन्सर, कनेक्टर, अख्खी वायर आणि पलीकडचा कम्प्युटरही. या गाडीत मागचे दोन्ही सेन्सर सारखेच, म्हणून वायरमनने डावा-उजवा अदलाबदल केले आणि परत पाणी मारलं. शून्य उजव्याच चाकाला आलं. सेन्सर निर्दोष सुटला! (मीटर लावून रेझिस्टन्स का नाही मोजला? जुन्या प्रकारच्या सेन्सरचा मोजता येतो, पण ज्यांना कम्प्युटरकडून वीज लागते अशा नव्या प्रकारच्या सेन्सरचा तो मोजून काही उलगडत नाही. तिथे कनेक्टरपर्यंत वीज पोचते का ते बघायचं.)

चाकाच्या वर, चासीला धरून जाणाऱ्या वायरीवर चार बोटं लांबीचा तुकडा कुरतडलेला होता. तांबं उघडं. शेजारी कांद्याच्या टरफलांचं मऊ घरटं. गाडी एप्रिलपासून बराखीच्या भिंतीला लावलेली असायची. बराखीत कांदा, कांद्याच्या आसऱ्याला उंदीर, आणि उंदरांना शेजारीच ऊबदार टू-बीएचके!

दोन्ही तारा डाख देऊन जोडल्या, आकसणारी नळी चढवली आणि मूळचा पीळ तसाच ठेवला, कारण त्या पिळामुळे बाहेरचा विजेचा गोंगाट वायरीत शिरत नाही. नुसती काळी टेप गुंडाळली असती तर पुढच्या पावसात परत भीमाशंकर. बिल ८५० रुपये. त्यात निदानाचे तीनशे मामा द्यायला तयारच नव्हते. "नुसतं बघायचे कसले पैसं?" म्हणाले. माझं मत विचाराल तर ते तीनशे सगळ्यात वसूल झाले. आपण पार्टचे पैसे हसत देतो आणि डोकं चालवल्याचे द्यायला का-कू करतो, म्हणून गॅरेजवाले डोकं चालवण्याऐवजी पार्ट बदलतात.

पण आता लगेच प्रत्येक दिव्याला उंदीर समजू नका. इंजिनाचे फेरे वाढतायत पण गाडी वेग घेत नाही, डी किंवा आर टाकल्यावर जोराचा हिसका बसतो, ऑइलला जळका वास येतो, दुसऱ्या खिडकीवर पी ०७३० म्हणजे चुकीच्या गिअर रेशोसारखा कोड आहे, तर तो गिअरबॉक्सच बोलतोय. त्याचं ऐका. बऱ्याच नव्या गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते, म्हणून ऑइल वर्षानुवर्षं कुणी बघितलेलंच नसतं. सेकंड-हॅण्ड गाडीचं ते आधी बघून घ्या.

आणि घाटात दिवा लागला तर? नुसता पिवळा एबीएस असेल तर साधा ब्रेक लागतो, फक्त ओल्या रस्त्यावर जोरात दाबला तर चाकं लॉक होऊ शकतात. त्याच्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला तर थांबा. गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली तर बाजूला घ्या, पार्किंगमध्ये टाका आणि कंपनीचं पुस्तक सांगतं तसं गार होऊ द्या. लंगडी घालणारी गाडी घेऊन माळशेज उतरायचा विचार मात्र नको. वरच्या गिअरला अडकलेलं इंजिन उताराला पुरेसं धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात. आळेफाट्याला परत फिरा, भजी तिथेही मिळतात.

मामांचा एबीएसचा दिवा पंधरा दिवसांनी परत एकदा लागला. या वेळी त्याच वायरीच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज निघाला, उघड्या तारेतून पाणी आत गेलं होतं त्याचा. साफ केला, झाकला, गिअरबॉक्सने काही तक्रार केली नाही. गाडी विकायचा विषय बंद. प्रश्न उरला ती लावायची कुठे याचा. बराखीजवळ नको. उसाच्या कडेला लावावी तर रात्री-अपरात्री तिथवर जायचं कुणी? जुन्नरमध्ये बिबट्या ही थट्टेची गोष्ट नाही. म्हणून सध्या ती अंगणात, बल्बच्या उजेडात उभी असते, आणि वाळवण घालायला जागा उरली नाही म्हणून मामी रोज सकाळी मामांना ऐकवतात.