मताचा हिशेब

"एका मताने काय फरक पडतो?" मोहल्ल्यात हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1957 साली हेच मांडले होते. एका मताने निकाल फिरण्याची शक्यता नगण्य, म्हणून सामान्य मतदार माहिती मिळवण्याचे कष्ट घेत नाही. ठेकेदार मात्र घेतो. फायदा त्याच्या एकट्याचा, खर्च घराघरांत वाटलेला!

पनवेल महापालिका 2016 मध्ये झाली. पहिल्या सभागृहाची मुदत 2022 मध्ये संपली. पुढचे मतदान थेट जानेवारी 2026 मध्ये. मधल्या काळात नगरसेवक नव्हते, मालमत्ता कर मात्र होता. आपल्यापैकी किती जणांनी जाब विचारला?

आपण मत देतो ते भीतीपोटी, 'ते' येऊ नयेत म्हणून. जे गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाणारच नाही, त्याच्यासाठी दुकानदार भाव कशाला उतरवील? वर आपलेच पुढारी गठ्ठा मतांचे दलाल! कब्रस्तानाच्या भिंतीवर सौदा मिटतो, उर्दू शाळेचा विषयही निघत नाही.

वर्गात मी मुलांना गणिताचा ताळा करायला शिकवतो. मोहल्ल्यानेही तो करावा, मत देण्यापूर्वी आणि दिल्यानंतरही. एकट्याचे मत हलके असेल. सर्वांनी मिळून मागितलेला हिशेब हलका नसतो.