‘थांब ना, नवीन येतंय!’

नवीन पीसी घ्यायचा विषय तुम्ही कधी ग्रुपमध्ये काढलाय? मग हे वाक्य ऐकलंच असणार. ‘अरे थांब ना, दोन महिन्यांत नवीन येतंय!’ असं सांगणारा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी असतो. त्याला सगळ्या प्रोसेसरची नावं पाठ असतात आणि तो खोटंही बोलत नसतो. दोन महिन्यांत खरंच नवीन येतं. प्रॉब्लेम एवढाच की, त्याच्या पुढच्या दोन महिन्यांतही येतं.

मी हे वाक्य पावणेदोन वर्षं ऐकलं. सप्टेंबर २०२२ मध्ये मी मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला होते. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडेपर्यंत चहा करून, पिऊन व्हायचा. बाबांनी पासष्ट हजारांचं बजेट दिलं. नेमका त्याच महिन्यात एएमडीचा एएम५ हा नवा प्लॅटफॉर्म बाजारात आला. महाग होता, म्हणून थांबले. ऑक्टोबरमध्ये इंटेलची तेरावी पिढी आली, म्हणून दोघांची तुलना करत थांबले. मग स्वस्त बोर्ड येऊ देत म्हणून थांबले, मग चौदावी पिढी येतेय म्हणून.

एडिटिंग तोपर्यंत कॉलेजच्या लॅबमध्ये चालायचं. लॅब पाचला बंद व्हायची. तिसऱ्या वर्षी मंडईतल्या हमालांवर केलेली बारा मिनिटांची डॉक्युमेंटरी एका स्पर्धेला पाठवायची होती. शेवटच्या दिवशी रेंडर निम्म्यावर असताना लॅब बंद करायची वेळ झाली. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर सगळं पुन्हा लावेपर्यंत रात्रीचे बारा वाजून गेले होते. फिल्म गेली नाही. त्यात चूक लॅबची नव्हती, माझीच होती.

म्हणून पहिला मुद्दा: थांबणं फुकट नसतं. त्याचंही बिल येतं. फक्त ते दुकानदार देत नाही, म्हणून आपण ते हिशेबात धरत नाही.

पण म्हणून लाँचच्या दिवशीच धावत सुटा, असंही मी म्हणणार नाही. नवा प्लॅटफॉर्म म्हणजे नुसता नवा प्रोसेसर नव्हे. सॉकेट बदलतो, त्यामुळे मदरबोर्ड बदलतो आणि पुष्कळदा रॅमही. एएम५ वर फक्त डीडीआर५ रॅम चालते, म्हणजे जुनी डीडीआर४ काढून यात लावू, हा मार्ग बंद. जाहिरातीत प्रोसेसरची किंमत दिसते, बिलात तिन्ही येतात.

आणि पहिल्या लॉटमध्ये ही तिन्ही महाग असतात. एएम५ चंच बघा. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यातला सगळ्यात स्वस्त प्रोसेसर, रायझन ५ ७६००एक्स, अमेरिकेत २९९ डॉलरला आला. सुरुवातीला बोर्डही वरच्या दर्जाचे, म्हणजे महागडेच होते. परवडणारे बी६५० बोर्ड ऑक्टोबरमध्ये आले. जानेवारी २०२३ मध्ये साधा ७६०० आला, २२९ डॉलरला आणि वर कूलर बॉक्समध्येच. मार्चअखेरीस आणखी स्वस्त ए६२० बोर्ड आले. म्हणजे साधारण सहा महिन्यांत विद्यार्थ्याच्या खिशाला झेपेल असा रस्ता तयार झाला.

पैशांबरोबर डोकेदुखीचाही प्रश्न असतो. जानेवारी २०११ मध्ये इंटेलचे सँडी ब्रिज प्रोसेसर आले आणि तो महिना संपायच्या आत त्यांच्या चिपसेटमध्ये दोष सापडला. हार्ड डिस्क जोडायचे काही पोर्ट हळूहळू खराब होऊ शकत होते. कंपनीला माल थांबवून सुधारित चिपसेट द्यावा लागला. एप्रिल २०२३ मध्ये एएम५ वरचे काही एक्स३डी प्रोसेसर बोर्डासकट जळाल्याचे फोटो फिरले. मग बायोस अपडेट आले आणि एका व्होल्टेजवर १.३ ची मर्यादा घातली गेली. दोन्ही वेळा दुरुस्ती झाली. पण तोवर पहिले ग्राहक स्वतःचे पैसे घालून टेस्टिंगच करत होते ना! ज्याच्याकडे दुसरा पीसी आहे, त्याला ही हौस परवडते. तुमचा एकच पीसी असेल आणि पुढच्या आठवड्यात सबमिशन असेल, तर नाही.

आता त्या हुशार मित्राचा हुकमी एक्का: ‘अपग्रेड पाथ बघ!’ यात तथ्य आहे. २०१७ सालातली दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. एकाने जानेवारीत इंटेलचा नवाकोरा झेड२७० बोर्ड घेतला. ऑक्टोबरमध्ये आठवी पिढी आली. सॉकेटचं नाव बोर्डासारखंच, एलजीए११५१, तरी ती त्या बोर्डावर चालेना. दुसऱ्याने मार्चमध्ये एएमडीचा एएम४ बोर्ड घेतला. त्याच सॉकेटसाठी २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आला आणि बायोस अपडेट करून तो बऱ्याच जुन्या बोर्डांवर चालला.

मात्र हा सरळसोट रस्ता नव्हता. मे २०२० मध्ये एएमडीने सांगितलं होतं की, पुढची पिढी जुन्या बी४५० आणि एक्स४७० बोर्डांवर चालणार नाही. ग्राहकांनी आरडाओरडा केला, तेव्हा काही दिवसांत निर्णय फिरला. एएम५ बद्दल कंपनीने आधी २०२५ पर्यंत आणि नंतर २०२७ पर्यंत साथ देऊ असं म्हटलंय. चांगलंच आहे. पण अशा शब्दावर किती जादा पैसे मोजायचे, हे आपण ठरवायचं. आणि स्वतःला खरं विचारा: तीन वर्षांनी तुम्ही खरंच कॅबिनेट उघडून प्रोसेसर बदलणार आहात का? की तेव्हा नोकरी लागलेली असेल आणि तुम्ही लॅपटॉप घेणार? जिमची वर्षभराची मेंबरशिप आठवा. सोय आहे म्हणून ती वापरली जातेच असं नाही.

‘थांबलं की स्वस्त होतं’ हेही दरवेळी खरं नसतं. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीची मागणी इतकी वाढली की, रॅमचे भाव उतरण्याऐवजी चढले. डिसेंबरमध्ये तर मायक्रॉनने ‘क्रुशल’ या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. जे रॅम स्वस्त व्हायची वाट बघत बसले होते, त्यांच्या हाती काय लागलं?

मग घ्यायचं कधी? माझं सरळ मत आहे. पहिल्या लॉटला हात लावू नका, पण थांबायचं असेल तर तारीख ठरवून थांबा. नवा प्लॅटफॉर्म आल्यावर परवडणारे बोर्ड आणि पहिले दोन-तीन बायोस अपडेट येईपर्यंत, फार तर सहा महिने. ती तारीख डायरीत लिहा आणि त्या दिवशी जे बजेटमध्ये बसेल ते घ्या. आणि आज एखादं काम अडलेलं असेल, तर सहा महिनेही थांबू नका. मागच्या पिढीचा, रुळलेला प्लॅटफॉर्म घ्या आणि कामाला लागा.

हॉस्टेलवाल्यांनो, लॅपटॉप घेणार असाल तर अपग्रेड पाथ विसरा, त्यात प्रोसेसर बदलत नाही. तुमचा प्रश्न वेगळा आहे. जून २०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्स चिपचे विंडोज लॅपटॉप आलेत. बॅटरी छान चालते. पण ती चिप वेगळ्या पद्धतीची, आर्म प्रकारची आहे. तुमच्या कोर्सचं सॉफ्टवेअर आणि कॉलेजचा प्रिंटर त्यावर चालतो का, हे पैसे देण्याआधी तपासा.

मी शेवटी जून २०२४ मध्ये लॅमिंग्टन रोडला गेले. तेव्हाही मित्राचा मेसेज आलाच: ‘जुलैमध्ये रायझन ९००० येतंय, थांब!’ दुकानातल्या काकांनी मात्र वेगळंच विचारलं, ‘ताई, काम काय करणार त्यावर?’ पावणेदोन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. मी एएम४ बोर्ड, रायझन ५ ५६०० आणि ३२ जीबी डीडीआर४ रॅम घेतली. ‘मेलेला प्लॅटफॉर्म’ म्हणून मित्र अजून चिडवतो. पण माझं एडिटिंग त्यावर मजेत चालतं आणि रात्री दोन वाजताही कुणी लॅब बंद करत नाही.

एक गोष्ट मात्र सलते. ५६०० एप्रिल २०२२ मध्येच आला होता. मी वाट बघायला सुरुवात केली, त्या दिवशीही तो दुकानात होता. थांबून माझे काही हजार रुपये वाचले. तेवढ्यासाठी मी ती फिल्म घालवली.

त्यामुळे पुढच्या वेळी कुणी ‘थांब ना’ म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: ‘बरं, थांबते. पण तोपर्यंत माझं काम कुठे करू?’