भरतीरेषेपासून किती मीटर?

१/ न्हावा शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ची. आधी भराव, मग नियम.

२/ विचार मात्र जुना होता. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांना भरतीरेषेपासून ५०० मीटर पट्टा मोकळा राखण्यास लिहिले होते. १९९१ मध्ये ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदी २०० मीटरांपुरती उरली. त्यापलीकडे ५०० मीटरपर्यंत रिसॉर्टांना अटींसह वाट मिळाली. हॉटेल व्यवसायाला तेही जाचक वाटले. १९९४ मध्ये हे २०० मीटर शिथिल करण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. जानेवारी २०१९च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर ५० मीटर पुरेसे मानले!

३/ ‘पर्यावरणीय परीक्षण होतेच की’, असे रिसॉर्टांचे समर्थक म्हणतात. त्यांनी न्हावा शेवा पाहावे. बंदराच्या चौथ्या टर्मिनललाही पर्यावरण मंजुरी होती. तरी मासेमारी बुडालेल्या १,६३० कोळी कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला २०१५ मध्ये द्यावा लागला. मंजुरी देताना ही कुटुंबे कोणी मोजली होती?

४/ आणि नियमभंगाचे काय? अलिबागजवळ किहीमला नीरव मोदीचा बंगला मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडला गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो पाया खणला जात असताना मात्र एकही मोजपट्टी तिथवर पोहोचली नव्हती.