घासाघीस फक्त भाजीवालीशी!

मागच्या आठवड्यात ऑफिसात दोन दिवसांचं 'निगोशिएशन स्किल्स' ट्रेनिंग झालं. एसी हॉल, फुकट जेवण, शेवटी सर्टिफिकेट. ट्रेनरसाहेबांनी संत्र्याची गोष्ट सांगितली. दोन पोरं एका संत्र्यावरून भांडतात आणि अर्धं-अर्धं करतात. मग कळतं, एकाला गर हवा होता, दुसऱ्याला केकसाठी साल. टाळ्या!

गोष्ट चांगलीच आहे, फिशर आणि युरी यांच्या 'गेटिंग टु येस' या १९८१ सालच्या पुस्तकातली. पण मी विचारलं, "दोघांनाही गरच हवा असेल आणि सुरी एकाच्याच हातात असेल तर?" "चांगला प्रश्न, ब्रेकमध्ये बोलू." ब्रेकमध्ये साहेब फोनवर.

गंमत म्हणजे समोरचा वरचढ असेल तर काय करायचं, यावर त्याच पुस्तकात अख्खं प्रकरण आहे. सार असं : बोलणी फिसकटली तर आपण काय करणार, तो दुसरा मार्ग आधी तयार ठेवा. जोर जिभेत नसतो, त्या मार्गात असतो.

कॉलेजने काय शिकवलं? अ‍ॅप्टिट्यूड, ग्रुप डिस्कशन, टाय बांधणं. वर नियम असा, की एक ऑफर मिळाली की दुसऱ्या कंपनीला बसायचं नाही. म्हणजे दुसरा मार्ग कॉलेजनेच बंद केलेला! ती सवय अंगात इतकी मुरली, की पुढच्या नोकरीतही मी आकडा बघून मुकाट सही केली. त्याच आठवड्यात जॉईन झालेल्या, तेच काम करणाऱ्या शेजारच्याला वर्षाला दीड लाख जास्त. त्याने कुठला कोर्स केला होता? कुठलाच नाही. त्याच्या खिशात दुसरी ऑफर होती आणि त्याने विचारलं, बस्स.

आणि आपण घासाघीस कुठे करतो? "मावशी, वीसला दोन जुड्या द्या ना!" मावशी देतात, कारण संध्याकाळपर्यंत मेथी सुकणार असते. यात आपलं कौशल्य काय? मावशींना दुसरा मार्ग नाही, एवढंच. आपण मावशींना जे करतो, तेच एचआर आपल्याला करतं. फक्त इंग्रजीतून.

म्हणून म्हणतो, रोल-प्ले पुरे झाले. शिकवायचंच असेल तर एकमेकांना आपला पगार सांगा. तो म्हणे 'कॉन्फिडेन्शियल' असतो. कोणाच्या सोयीसाठी? मी टीममधल्या दोन ज्युनिअर्सना माझा आकडा सांगून टाकला. एकाचा चेहरा पडला, दुसरी म्हणाली, "आता विचारते."

असो. पुढच्या महिन्यात माझंही अप्रेझल आहे. सर्टिफिकेट ड्रॉवरमध्येच राहील. दोन इंटरव्ह्यू मात्र ठरवलेत.