अफूबंदी मोडण्यासाठी आरमार!

व्यापारबंदीवरून युद्ध भडकले की बंदी घालणाऱ्या देशाकडे बोट दाखवण्याची रीत आहे. आम्हास ती मान्य नाही. १८३९ साली चिनी बादशहाचा आयुक्त लिन झेशू याने कँटनच्या परदेशी व्यापाऱ्यांकडून अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या ताब्यात घेतल्या आणि हुमेन येथे चुना-मीठ घालून नष्ट केल्या. त्याचा गुन्हा कोणता? आपली माणसे व्यसनाने मरू नयेत, एवढाच! अफूवर चीनमध्ये बंदी आधीपासून होती. म्हणजे पकडला गेला तो चोरटा माल. तरीही चोरांच्या भरपाईसाठी ब्रिटिश आरमार निघाले. एप्रिल १८४० मध्ये पार्लमेंटात सरकारविरोधी ठराव अवघ्या ९ मतांनी पडला. ग्लॅडस्टन यांनी हे युद्ध अन्यायाचे ठरवले. पण ऐकतो कोण?

यात मुंबईचे हात स्वच्छ होते, असे कोणी समजू नये. माळव्याची अफू याच बंदरातून चीनला जाई. त्या पैशातून झालेल्या दानधर्माची नावे शहरात आजही मिरवतात. ज्या 'कॉर्नवॉलिस' जहाजावर २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला, तेही मुंबई गोदीत बांधलेले. लढायला मात्र मद्रास-बंगालचे गरीब देशी शिपाई. नफा शेठजींचा, मरण शिपायाचे!

चीनने हाँगकाँग गमावले, पाच बंदरे उघडली आणि २ कोटी १० लाख डॉलर मोजले. त्यातले ६० लाख नष्ट केलेल्या अफूची किंमत म्हणून होते. अफूचा धंदा चीनमध्ये कायदेशीर झाला तो १८५८ साली, दुसऱ्या अफूयुद्धाच्या तोफांखाली.