वावरचा वर्ग, पन्नाशीत

वावर-वांगणी ही जोडगावं महाराष्ट्राला ठाऊक झाली ती १९९२ साली. जव्हार तालुक्यातल्या या गावांत आणि भोवतालच्या पाड्यांवर शंभराहून अधिक मुलं कुपोषणाने दगावली. वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर आले, मागोमाग अधिकारी आले. जव्हारला अप्पर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय आलं ते त्यानंतर, आणि पालघर हा वेगळा जिल्हा व्हायला २०१४ चा ऑगस्ट उजाडला. त्या वेळी छापून आलेले फोटो ज्यांनी पाहिले त्यांना ते विसरता आलेले नाहीत: आईच्या मांडीवरचं मूल, अंगाच्या मानाने मोठं डोकं, मोजता येतील अशा बरगड्या. २०१६ साली मोखाड्यातून पुन्हा तशाच बातम्या आणि तसेच फोटो आले. मधल्या काळात आमच्या भागाची छायाचित्रं छापली गेली ती बोहाड्याच्या मुखवट्यांची, तारप्याच्या नाचाची, दाभोशाच्या धबधब्याची. इथला माणूस पन्नाशीला, साठीला पोचला की कसा दिसतो, हे कुणी दाखवलेलं मला आठवत नाही. म्हणून गेल्या मे महिन्यात आमच्या दहावीच्या वर्गाचं गेट-टुगेदर ठरलं, तेव्हा मी कॅमेरा घेऊन गेले आणि प्रत्येकाला वेळ देऊन एकेकाचा चेहरा टिपायचा असं ठरवूनच गेले.

आमची शाळा वावरच्या बाजूची, आश्रमशाळा. माझे वडील तिथे शिक्षक होते, आम्ही शिक्षकांच्या खोल्यांमध्ये राहायचो आणि मी त्याच वर्गात बसायचे. आमची बॅच १९९० ची. मुलगे बरेच, मुली मोजक्या. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, सगळ्यांची मुलं एका हॉलमध्ये झोपायची आणि एका पंगतीत जेवायची. गेट-टुगेदरला मे अखेरीशिवाय दुसरा मुहूर्त नव्हता. भात झोडून झालं, दिवाळी उरकली की निम्मा पाडा जगायला बाहेर पडतो. कुणी भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर, कुणी ठाणे-कल्याणच्या बांधकामांवर, कुणी सिल्वासाच्या कंपन्यांत. शिमग्याला चार दिवस येऊन जातात आणि पावसाच्या तोंडावर, राबात पेरणी करायला, घरी असतात. तेवढ्या फटीत आम्ही जमलो. शाळेला सुट्टी होती, विहीर तळाला गेली होती, आणि पोरींनी घरून कळश्या भरून आणल्या होत्या. या बायकांना मी अजून पोरीच म्हणते.

आधी हजेरी झाली. आमचे सर आता ऐंशीच्या पुढचे. त्यांना खुर्ची दिली, शाल दिली, नारळ दिला, पण त्यांना हवा होता तो हजेरीपट. कुणीतरी वहीवर सगळी नावं उतरवून आणली होती, जुन्या क्रमाने. सर एकेक नाव घेत गेले. समोरून ‘हजर’ येई, किंवा कुणी दुसरंच सांगे, ‘नाही राहिला, सर.’ सर वहीवर खूण करत आणि पुढचं नाव घेत. कारणं कुणी विचारली नाहीत, तरी ती आपोआप सांगितली गेली. एक जण स्लॅबवरून पडला. एकीला बाळंतपणात जव्हारला न्यायला गाडी मिळाली नव्हती. एकाला साप चावला, दोघांना दारूने नेलं. कुणाचंच आयुष्य म्हातारपणाने संपलेलं नव्हतं. आमच्यापैकी एकीचं पहिलं मूल १९९२ च्या त्या पावसात गेलेलं. तीही हजर होती, आणि तिच्या मांडीवर नातू होता.

मग मी एकेकाला बोलावू लागले. मे महिन्यात दुपारी अंगणात उभं केलं की ऊन डोक्यावरून सरळ खाली पडतं, डोळ्यांच्या खोबणीत काळोख साठतो आणि पन्नाशीचा माणूस सत्तरीचा दिसतो. असे फोटो काढायला सोपे. ते करुण दिसतात म्हणून छापलेही लवकर जातात. मला ते नको होते. व्हरांड्याच्या कडेला, छपराची सावली जिथे संपते त्याच्या हातभर आत मी स्टूल ठेवलं. समोरच्या अंगणातल्या मातीवरून परतणारा उजेड तिथे चेहऱ्यावर खालून, मऊ पडतो. मागे चुन्याची पांढरी भिंत असली तर कॅमेरा भिंतीचा उजेड मोजतो आणि सावळा चेहरा काळवंडून टाकतो, म्हणून मागे निळी सतरंजी टांगली. हे सगळं करण्यामागे एक जुनी सल आहे. आमच्या दहावीच्या ग्रुप फोटोची एकच प्रत आता शिल्लक आहे, सरांच्या घरी. तिच्यात पांढरे शर्ट आधी दिसतात आणि चेहरे शोधावे लागतात. रंगीत फिल्म बनवणाऱ्या कंपन्याही कित्येक दशकं एका गोऱ्या बाईचं चित्र समोर ठेवून रंग जुळवत होत्या. आमच्या रंगाचा माणूस नीट यावा म्हणून फोटोग्राफरला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात, आणि वावरला येणाऱ्या कुठल्या फोटोग्राफरने ते घ्यावेत?

एका बाकावर बसणारे दोघे होते, त्यांना मी लागोपाठ बसवलं. शाळेच्या दाखल्यावर दोघांची जन्मतारीख एकच: १ जून १९७४. माझी सोडली तर आमच्या वर्गात जवळजवळ सगळ्यांचीच तारीख १ जून. घरी कुणी जन्म लिहून ठेवलेला नसे. गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान पकडायला सांगत. बोटं कानाला पोचली की सहा वर्षं पूर्ण, आणि शाळा सुरू होताना वय बसावं म्हणून तारीख जूनची पहिली. महाराष्ट्रात गावोगाव असंच झालं आहे. ३१ मेला सरकारी कचेऱ्यांतून एवढी माणसं एकदम निवृत्त होतात ती त्यामुळे. तर हे दोघे कागदावर जुळे. पहिला डीएड होऊन जिल्हा परिषदेत शिक्षक झाला. चष्मा, जरा सुटलेलं पोट, रंगवलेले केस, दात शाबूत. ३१ मे २०३२ ला तो अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईल. दुसरा दहावीला गणितात राहिला आणि त्याच वर्षी भट्टीवर गेला. गालफडं बसलेली, कारण दाढा गेल्या. डोळे कायम बारीक केलेले, उन्हात आणि धुरात राहून पापण्यांना ती सवयच झाली. भट्टीवर जोडीने काम असतं, पहाटे तीनला उठून गारा कालवायचा आणि दिवसाला हजारभर विटा पाडायच्या. त्याच्या बोटांचे ठसे झिजून गुळगुळीत झालेत, रेशनच्या दुकानातलं मशीन अंगठा घेत नाही. कॅमेऱ्याच्या काचेतून पाहताना मला त्या दोघांत पंधरा-वीस वर्षांचं अंतर दिसलं. फोटोत तेच आलं आहे.

१९६४ साली इंग्लंडमध्ये सात वर्षांच्या चौदा मुलांवर एक चित्रपट निघाला, आणि दर सात वर्षांनी त्याच माणसांकडे परत जाऊन पुढचा भाग काढला गेला. बहुतेक भाग मायकेल ॲप्टेड यांनी केले. २०१९ साली ती मुलं त्रेसष्ट वर्षांची झाली होती. निकोलस निक्सन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९७५ पासून २०२२ पर्यंत आपली बायको आणि तिच्या तीन बहिणी यांचा दर वर्षी एक फोटो काढला, चौघी दर वेळी एकाच क्रमाने उभ्या. ती मालिका मी अनेकदा पाहिली आहे आणि दर वेळी तिच्यात मला वय होताना दिसलं. ॲप्टेड यांच्या चित्रपटातली मुलं मुळातच वेगवेगळ्या थरांतून निवडलेली होती, श्रीमंत शाळांतली आणि अनाथाश्रमातली. आमचा वर्ग एका ताटातला होता. तीच डाळ, तोच भात, तीच चटई, तोच कंदील. त्यामुळे आज व्हरांड्यात दिसणारा फरक जन्माने आलेला नाही, तो मधल्या पस्तीस वर्षांनी केला आहे, आणि त्यातला किती तरी एका विषयाच्या चार-पाच मार्कांवर ठरला, याचा मला राग आहे. तो मित्र गणितात मठ्ठ नव्हता. परीक्षेआधीचे दोन महिने तो घरी होता, कारण आईबाप भट्टीवर गेले होते आणि धाकट्या भावंडांकडे बघायला कुणी नव्हतं.

आदिवासींच्या आरोग्याविषयी डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१८ साली आला. त्यात आदिवासींचं सरासरी आयुर्मान ६३.९ वर्षं दिलं आहे, इतरांचं ६७. ही सरासरी खाली येते ती बरीचशी लहानपणीच जाणाऱ्या मुलांमुळे. जो जगला तो पुढे बऱ्यापैकी जगू शकतो, आमचे सर त्याचा पुरावा आहेत. पण तो कशा अंगाने जगतो, हे कुठल्या सरासरीत येत नाही. श्रावणबाळ योजनेतून निराधार वृद्धांना महिना १५०० रुपये मिळतात आणि त्यासाठी वयाची अट पासष्ट. माझ्या भट्टीवरच्या मित्राला कागदावर पासष्ट व्हायला २०३९ उजाडेल. त्याचं अंग आत्ताच थकलं आहे. पाच वर्षांपूर्वी पाडायचा त्याच्या निम्म्या विटाही त्याच्याच्याने आता होत नाहीत, असं त्याची बायको म्हणाली, आणि मुकादम उचल देताना हात आखडता घेऊ लागला आहे. अंगमेहनतीने जगणाऱ्या आदिवासी माणसासाठी ही अट पंचावन्नावर आणली पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. ज्या तारखेवरून वय मोजायचं ती तारीखही कान पकडून ठरवलेली आहे. तिला इतकं चिकटून राहण्यात काय अर्थ?

बायकांच्या फोटोंना जास्त वेळ लागला, कारण त्या एकेकट्या बसायला तयार नव्हत्या. एकीला बसवलं की बाकीच्या तिघी पाठीशी उभ्या राहायच्या, पदर सारखा करायच्या, काहीतरी बोलून हसवायच्या. शेवटी मी तसंच काढू लागले. एकीच्या मुलीने मध्येच आपल्या फोनवर आईचा फोटो काढून दाखवला. फोनने आपणहून कातडी गुळगुळीत केली होती. सुरकुत्या गेल्या होत्या, आणि कपाळावरचं, हनुवटीवरचं गोंदणही डाग समजून पुसट केलं होतं. मैत्रिणीने फोन हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. ‘ही मी नाही बाय,’ ती म्हणाली, ‘माझं गोंदण कुठं गेलं? ते तर वर जाताना संगती येणारं.’ दागिने, कपडे इथेच राहतात आणि गोंदण तेवढं माणसाबरोबर जातं, असं आमच्याकडे म्हाताऱ्या सांगतात. मी माझ्या कॅमेऱ्यावरचा फोटो मोठा करून दाखवला. कातडी सैल झाली तसे गोंदणाचे ठिपके किंचित पसरले आहेत, काळ्याचे हिरवट झाले आहेत. तिने बोटाने एकेक ठिपका मोजला आणि फोटो पसंत केला. मानेवर दोन आडव्या वळ्या आहेत, डोक्यावरून पाणी वाहून पडलेल्या. मोखाड्यात आणि जव्हारच्या बऱ्याच पाड्यांवर एप्रिलपासून टँकरची वाट बघावी लागते, आणि मुंबईला पाणी देणारी वैतरणा याच मुलखातून वाहते. त्या वळ्यांवरही तिने बोट ठेवलं, पण बोलली काही नाही.

माझ्या मांडणीपेक्षा त्यांच्या मागण्या स्पष्ट होत्या. दोघांना पासपोर्ट साइझ हवे होते, निराधारच्या अर्जाला. एकाला बायकोबरोबर हवा होता, लग्नातला फोटो नव्हताच म्हणून. आणि निम्म्या जणांना एक मोठी फ्रेम हवी होती, मागाहून हार घालायला. ‘नीट काढ,’ एक जण म्हणाला, ‘बापाचा फोटोच नाही आमच्याकडे. आधारकार्डावरचा मोठा करून लावलाय, तोंडच ओळखू येत नाही.’ हे तो अगदी सहज बोलला. त्याने घरून टोपी आणली होती, ती घातली, काढली, परत घातली. मी दोन्ही फोटो काढले. या गावात मुलांचे प्राण गेले तेव्हा फोटो निघाले. त्याच गावातला बाप्या आपल्या नातवंडांनी आपल्याला कसं बघावं, हे आज स्वतः ठरवतो आहे. त्या दुपारी स्टूलवर बसलेला प्रत्येक जण १९७० च्या दशकात इथे जन्मून पाच वर्षांचा झाला, मग पंधराचा झाला, आणि भट्ट्या, बाळंतपणं, साप, ताप पार करून पन्नाशीला पोचला. मला त्या चेहऱ्यांचा अभिमान वाटतो. पिकलेल्या केसांचाही वाटतो.

सर शेवटी बसले. त्यांना कॅमेऱ्याकडे बघायचं नव्हतं, त्यांना मुलांकडे बघायचं होतं. मग मुलांना माझ्या पाठीमागे उभं केलं.

आता प्रिंट काढणं चालू आहे. फ्रेमवाल्या प्रती जाड कागदावर, बाकीच्या साध्या. फोटो दर वर्षी काढायचा असं सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे, पण तारखेवरून ग्रुपवर अजून एकमत नाही. शिक्षक मंडळींना मेचा पहिला आठवडा बरा वाटतो. बायका म्हणतात तेव्हा लग्नं असतात, आणि मे अखेरीला राबाची पेरणी. कुणीतरी दिवाळी सुचवली, तर खाली चार उत्तरं आली की भात कोण कापणार. भट्टीवरच्या मित्राचं म्हणणं एवढंच, तारीख कुठलीही धरा पण दिवाळीआधी सांगा. उचल घेताना शेठला रजा सांगून ठेवावी लागते.