लहान श्वानांचा व्यायाम आणि उद्यानांची बंद फाटके

गेल्या महिन्यात चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतील सभासद पशुवैद्यकांकडून आलेल्या पत्रांचा मजकूर जवळजवळ एकच आहे. उद्यानांच्या फाटकांवर श्वानांना मज्जाव करणारे फलक लागले असून, लसीकरणाचा दाखला खिशात आणि साखळी हातात घेऊन आलेल्या मालकालाही, त्याच्यासोबतचा श्वान सात-आठ किलोंचा स्पिट्झ किंवा पग असला तरी, पहारेकरी परत पाठवितो. आणि कारण विचारल्यास सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमाकडे बोट दाखविले जाते.

ते हुकूम आम्ही वाचले आहेत. २२ ऑगस्ट २०२५ चा हुकूम मोकाट श्वानांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडण्याविषयी आणि त्यांना खाऊ घालण्याच्या जागा मुक्रर करण्याविषयी आहे. ७ नोव्हेंबर २०२५ चा हुकूम शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस व रेल्वे स्थानके येथून मोकाट श्वान हलविण्याविषयी आहे. मालकाच्या हाती असलेल्या श्वानास उद्यान बंद करावे, असे त्यांत कोठेही म्हटलेले नाही. उलट, भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ सालीच आपल्या मार्गदर्शक सूचनांत असे फर्मान अदूरदर्शी ठरविले आहे, कारण ज्या श्वानास व्यायाम मिळत नाही तो अखंड भुंकू लागतो, चावू लागतो, आणि त्याचा उपद्रव अखेर समाजालाच होतो. हा कागद कार्यालयांच्या दप्तरात पडून राहावा आणि ज्याचा या विषयाशी संबंध नाही तो हुकूम फाटकावर झळकावा, याची आम्हांस चीड येते.

पुण्या-मुंबईच्या वाचकांस ही तक्रार किरकोळ वाटेल. आपल्या मुलखात ती तशी नाही. सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर एकट्याने बाहेर पडू नये, ही वनखात्याची इत्तिला आहे आणि ती रास्त आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराचा आणि लगोलग दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाचा बळी घेतला, हे कोणी विसरलेले नाही. श्वान तर बिबट्याचे आवडते भक्ष्य. अकोले तालुक्यातील अभ्यासात बिबट्याच्या आहाराचा वजनाने ३९ टक्के भाग श्वानांचाच आढळला होता. दुसरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि सकाळी नऊनंतर डांबरावर पाऊल ठेवले तर श्वानाचे तळवे भाजतात. उरतात ते सकाळचे मोजके तास. त्या वेळी घुग्घुस-बल्लारपूरच्या रस्त्यांवर कोळशाचे ट्रक आणि गल्लीत मोकाट श्वानांचे कळप असतात. भिंतीआडची निर्धोक जागा उद्यानाचीच, आणि तिलाच कुलूप.

परंतु दोष केवळ अधिकाऱ्यांचा नाही. आपल्यापैकी कितीजण चिठ्ठीच्या शेवटी “सकाळ-संध्याकाळ फिरवावे” एवढे लिहून मोकळे होतात! हा सल्ला ज्या ग्रंथांतून आला ते ग्रंथ जेथे लिहिले गेले तेथे संध्याकाळी बिबट्या कुंपणाशी येत नाही. काही दवाखान्यांत अद्याप वजनकाटा नाही. स्पिट्झच्या बरगड्या बोटांना लागत नाहीत इतकी चरबी चढते, आणि गुडघ्याची वाटी सरकू लागल्यावर किंवा खोकल्याने श्वासनलिका बसल्याचे कळल्यावर मग धावपळ सुरू होते. चहाबरोबरच्या ग्लुकोज बिस्किटांविषयी मालकास कोणी विचारलेले नसते.

औषधाची मात्रा आपण लिहितो, तशीच खेळाचीही लिहिली पाहिजे. दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी दहा मिनिटे, घरातच. गुळगुळीत टाइलवर चेंडू फेकणे गुडघ्यांस घातक, म्हणून आधी गोणपाट किंवा सतरंजी अंथरावयास सांगावे. जुन्या टॉवेलच्या घड्यांत रोजच्याच आहारातले दाणे दडवून तो गुंडाळावा आणि श्वानास नाकाने उलगडू द्यावा. या शोधखेळाने तो शांत होतो आणि जागच्या जागी थकतो, हा आमचा अनुभव आहे. डॅशहुंडास जिना व पलंगावरून उड्या वर्ज्य, त्याच्या मणक्यांचा विचार करता त्यात सवलत नको. पगच्या बाबतीत मालकास जीभ पाहावयास शिकवावे: तिचे टोक रुंद होऊन वर वळू लागले की खेळ त्याच क्षणी थांबवून पोट व पाय ओले करावेत आणि पंखा लावावा. बाहेर नेताना गळपट्टा नव्हे, छातीचा पट्टा. पावसाळ्यात गवतातून आल्यावर कान आणि बोटांच्या बेचक्या गोचिडांसाठी तपासाव्यात, हे वेगळे सांगावयास नको.

एवढे करूनही घर उद्यानाची जागा घेऊ शकत नाही. पिल्लाने अनोळखी माणसे, मुले, दुसरे श्वान पाहिलेच नाहीत तर पुढे तेच चावरे निघते, आणि मग तेच अधिकारी आपल्याकडून दाखले मागतील. म्हणून चंद्रपूर, बल्लारपूर, भद्रावती, ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली येथील प्रत्येक सभासदाने याच महिन्यात आपल्या आयुक्तांकडे अथवा मुख्याधिकाऱ्यांकडे दरखास्त द्यावी: रेबीज व डिस्टेंपरच्या लसी झालेल्या, साखळीने बांधलेल्या श्वानांस सकाळी सात ते आठ हा एक तास आणि उद्यानाचा कुंपण घातलेला एक कोपरा मिळावा, विष्ठा उचलण्याची जबाबदारी मालकाची, न उचलल्यास मुभा रद्द. सोबत पशुकल्याण मंडळाच्या सूचनांची प्रत जोडावी, पोच घ्यावी, आणि पोचेची नक्कल आमच्याकडे धाडावी. कोणत्या गावाहून अर्ज आला आणि कोणत्या गावाहून आला नाही, याची यादी पुढील अंकात छापू.